अंबडच्या गोडाऊनात जागा पुरेना : अरुंद गल्लीत चालणारी फोर्कलिफ्ट कोणती घ्यावी?

पुठ्ठेवाला
नमस्कार मंडळी. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमचं कोरुगेटेड बॉक्सचं काम आहे. निम्म्याहून जास्त माल द्राक्षाच्या पॅकहाऊसला जातो. पिंपळगाव, दिंडोरी, निफाड हा सगळा पट्टा. पावसाळ्यात निवांत असतं, पण डिसेंबर उजाडला की एप्रिलपर्यंत गोडाऊनात पाय ठेवायला जागा नसते. शेतकऱ्याचा माल उतरायला लागला की सगळ्यांना बॉक्स एकाच आठवड्यात हवे असतात, म्हणून आधीच बनवून ठेवावे लागतात.

शेड ६० बाय १०० फूट. रॅक नाहीत. पॅलेट (माल रचायच्या लाकडी चौकटी) जमिनीवर एकेरी ठेवतो, कारण एकावर एक चढवले की तळातले बॉक्स दबतात. साधारण १५० पॅलेट बसतात, सीझनला ३०० ची सोय हवी. दोन टनी डिझेल फोर्कलिफ्ट आहे, तिला वळायला १३ फुटी गल्ली सोडावी लागते. म्हणजे भाडं भरतोय ते निम्मं रस्त्याचंच.

आता रॅक टाकायचे ठरवलेत. एक विक्रेता म्हणतो रीच ट्रक घ्या. दुसरा म्हणतो आर्टिक्युलेटेड घ्या, साडेसहा फुटी गल्लीत वळते. दोघांच्या कोटेशनमध्ये जमीन-अस्मानाचा फरक. ज्यांनी खरंच वापरलंय त्यांनी सांगा. जाहिराती नकोत.

उंटावरचा शहाणा
बाजूचा गाळा भाड्याने घ्या. प्रश्न मिटला.

पुठ्ठेवाला
@उंटावरचा शहाणा, बाजूचा गाळा रिकामा असता तर इथे आलो असतो का दादा?

गोदाकाठ
मशीन कोणतं हे शेवटी ठरतं. आधी एवढं सांगा : शेडची आतली रुंदी खांबापासून खांबापर्यंत किती, भिंतीपासून नव्हे. मधे खांब आहेत का? कडेला उंची किती? पॅलेटचं माप, भरल्यावरची उंची, वजन? शटरची उंची? फरशी कसली आणि कितपत सपाट? दिवसाला गाड्या किती? आणि गाडीतला माल उतरवणं-चढवणं याच मशीनने करायचं का?

पुठ्ठेवाला
खांबाच्या आतल्या तोंडापासून समोरच्या खांबाच्या तोंडापर्यंत १८.२९ मीटर, आज टेप लावून घेतलं. मधे खांब नाही. कडेला २४ फूट, म्हणजे ७.३ मीटर. पॅलेट लाकडी, १२०० बाय १०००, भरलेला दीड मीटर उंच, वजन ४०० ते ४५० किलो. शटर १२ फुटी. फरशी ट्रिमिक्स काँक्रीटची, जुनी आहे, जोडांवर दोन-चार ठिकाणी तुटलीय. सीझनला सात-आठ गाड्या. गाडी बाहेर पेव्हर ब्लॉकच्या यार्डात लागते, डॉक (गाडीच्या उंचीचा ओटा) वगैरे नाही.

सातपूर स्टोअर्स
वीसेक वर्षं स्टोअर्समध्ये काढली आहेत, जरा सविस्तर लिहितो. चहा घेऊन बसा.

साधी फोर्कलिफ्ट वजन पुढे लटकवते आणि मागे लोखंडाचा ठोकळा ठेवून तोल साधते. त्यामुळे लांबी वाढते, वळायला जागा लागते. तुमच्या दोन टनी डिझेलला पूर्ण पॅलेट घेऊन काटकोनात वळायला ३.९ ते ४ मीटर हवेतच.

तीनचाकी इलेक्ट्रिक त्याच जातीची, पण मागे एकच चाक किंवा जवळजवळ बसवलेली जोडी असते आणि ती जवळपास जागच्या जागी फिरते. हिला ३.३ मीटर पुरतात.

रीच ट्रकचं तंत्र वेगळं. पुढे दोन पाय निघालेले असतात आणि मास्ट, म्हणजे माल वर नेणारा उभा सांगाडा, त्यांच्यावर पुढे-मागे सरकतो. पॅलेट उचलला की मास्ट मागे ओढून वजन दोन्ही चाकांच्या मधे घेतो. म्हणून मागे मोठा ठोकळा लागत नाही. चालक आडवा बसतो. २.७ ते ३ मीटर गल्ली, आणि उंची आठ-दहा मीटर सहज.

आर्टिक्युलेटेड मशीन कमरेत वाकतं. मास्टसकट पुढचा भाग ९० अंशांहून जास्त फिरतो, मागचं धड गल्लीत सरळच राहतं. २ मीटरमध्ये काम होतं. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या कंपन्यांनी ही जात वाढवली.

त्याहून अरुंद म्हणजे व्हीएनए (व्हेरी नॅरो आइल), १.६ ते १.८ मीटर. त्यात मशीन वळतच नाही, फक्त फोर्क, म्हणजे पॅलेटखाली जाणारे काटे, फिरतात. जमिनीत वायर किंवा कडेला रूळ लागतो आणि फरशी आरशासारखी लागते. बारा मीटर उंच गोडाऊनासाठी ठीक, तुमच्या शेडला विषयच नाही.

आता तुमचं गणित. पॅलेटची १२०० बाजू आत गेली तर भिंतीलगतची एकेरी रांग १.३ मीटर, पाठीला पाठ लावलेली जोडरांग २.५ मीटर.

डिझेल, ३.९ ची गल्ली : १.३ + ३.९ + २.५ + ३.९ + २.५ + ३.९ = १८.०. पाच रांगा.

रीच, २.८ ची गल्ली : १.३ + २.८ + २.५ + २.८ + २.५ + २.८ + १.३ = १६.०. सहा रांगा.

आर्टिक्युलेटेड, २ ची गल्ली : चार गल्ल्या, तीन जोडरांगा, दोन एकेरी = १८.१. आठ रांगा. कागदावर १९ सेंटीमीटर उरतात.

ग्रीसगन
स्टोअर्सवाल्या काकांना दंडवत. मी फोर्कलिफ्टच्या सर्व्हिसला आहे, कोणत्या कंपनीत ते विचारू नका.

वरच्या गणितात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट नीट दिसत नाहीये. रीचमध्ये सहा रांगा लागल्यावर २.२९ मीटर उरले. त्यात सातवी रांग बसत नाही, कारण रांग एकटी येत नाही, गल्ली सोबत घेऊन येते. म्हणजे ते सव्वादोन मीटर तुम्ही रीचचे जादा पैसे देऊन विकत घेतले आणि मोकळे ठेवले.

आता तीनचाकी घाला : १.३ + ३.३ + २.५ + ३.३ + २.५ + ३.३ + १.३ = १७.५. सहाच रांगा! रीचइतक्याच. गल्ली अर्ध्या मीटरने लहान झाली म्हणून जागा वाढते असं नाही. जागा टप्प्याने वाढते, अख्खी रांग मावली तरच.

दुसरं, तुम्ही सगळे आडवं बघताय. वर बघा. दीड मीटरचा पॅलेट, बीम (रॅकचा आडवा दांडा) आणि वरची फट धरून एक मजला १.७५ मीटर. म्हणजे ०, १.७५, ३.५ आणि ५.२५. चौथ्याचा माथा ६.७५ ला, कडेची उंची ७.३. चार मजले बसतात. तुमच्या डिझेलचा मास्ट किती उचलतो? तीन मीटरचा असेल तर दोनच मजले.

पुढे गाड्या भरायला आणि मागे वळायला मिळून पावणेनऊ मीटर सोडले तर एका रांगेत २.४ मीटरचे नऊ बे (दोन पॅलेटचे खण), म्हणजे एका मजल्यावर १८ पॅलेट.

डिझेल : ५ रांगा, २ मजले = १८०.
तीनचाकी, साडेपाच मीटर उचलणारा तीन टप्प्यांचा मास्ट : ६ रांगा, ४ मजले = ४३२.
रीच : ४३२.
आर्टिक्युलेटेड : ५७६.

तुम्हाला हवेत ३००.

गोदाकाठ
@ग्रीसगन +१. वाचनखूण साठवली.

उंटावरचा शहाणा
मग वॉकी स्टॅकर का नको? चालत चालवायचा, लायसन नको, स्वस्त.

ग्रीसगन
@उंटावरचा शहाणा, चार-सहा पॅलेट इकडून तिकडे असतील तर झकास. दिवसाला सात-आठ गाड्या, १०० फुटी शेड, ५.२५ मीटरला पॅलेट ठेवायचा. माणूस संध्याकाळपर्यंत चालून चालून अर्धा होईल. शिवाय चाकं एवढीशी, फरशीचा जोड तुटला की तिथेच अडकणार.

निफाडची थंडी
आमच्या कोल्ड स्टोरेजला रीच ट्रक आहेत, त्या अनुभवावरून थोडं.

रीच उत्तम मशीन आहे, नावं ठेवणार नाही. आम्हाला उंची हवी होती आणि प्रत्येक घनफूट गार करायला वीज लागते, म्हणून परवडतं. पण त्याला फरशी लाडाची लागते. चाकं पॉलियुरेथेनची, टणक आणि लहान. जोडावरचा सिमेंटचा टवका उडालेला असेल तर चाक दर फेरीला तिथेच आपटतं आणि मग चाकाचेच टवके निघायला लागतात. खाली दोन मिलिमीटरचा चढ असला तर वर सहा मीटरला मास्ट किती हलतो ते एकदा खाली उभं राहून बघा, पोटात गोळा येतो.

आणि रीच पेव्हर ब्लॉकवर अजिबात न्यायचा नाही. म्हणजे गाडी उतरवायला दुसरं मशीन लागणारच, आणि शटरपाशी माल एकाने ठेवायचा, दुसऱ्याने उचलायचा. आर्टिक्युलेटेडचा खरा फायदा तिथे आहे. ती यार्डातही चालते आणि गल्लीतही, एकच मशीन गाडीपासून रॅकपर्यंत. मात्र घेण्याआधी सुटे भाग किती दिवसांत येतात आणि माणूस नाशिकला येतो की पुण्याहून बोलवावा लागतो ते लेखी घ्या. ऐन फेब्रुवारीत मशीन उभं राहिलं तर पॅकहाऊसवाले फोन करून जीव खातील.

अवांतर : थंडीत लेड ॲसिड बॅटरी लवकर मान टाकते. तुमचं गोडाऊन साधं आहे, तुम्हाला तो त्रास नाही.

डावा हात
मी ऑपरेटर आहे. अकरा वर्षं गोंद्याला एका कंपनीत चालवतो. वरचे साहेब लोक बरोबर बोलतात, पण चालवणाऱ्याचं कुणी विचारलं नाही म्हणून लिहितो.

फोर्कलिफ्ट मागच्या चाकांनी वळते. पुढचं टोक रॅकमधून बाहेर काढलं की लक्ष पॅलेटवर असतं आणि मागचा ठोकळा पलीकडच्या रॅकच्या पायाला लागतो. नवीन गोडाऊनात पहिल्या महिन्यात रॅकचे पाय असेच वाकतात. तीनचाकीचं शेपूट तर जास्तच झटकन फिरतं. ज्याचा हात डिझेलवर बसलाय त्याला सवय व्हायला वेळ द्या. पहिले आठ-दहा दिवस गाड्यांची घाई त्याच्यावर टाकू नका.

मालक कॅटलॉगमधली गल्ली बघतात. त्यात दोन्ही बाजूंचं मिळून २०० मिलिमीटर धरलेलं असतं. म्हणजे एका बाजूला चार बोटं. दिवसभर चार बोटांच्या अंतरावर चालवून बघा एकदा.

ग्रीसगन
@डावा हात, लाख बोललात. ज्यांना हिशेब हवाय त्यांच्यासाठी : वळणाची त्रिज्या, अधिक पुढच्या ॲक्सलपासून फोर्कच्या तोंडापर्यंतचं अंतर, अधिक पॅलेटची लांबी, अधिक ते २००. तीनचाकीला हे साधारण १५०० + ३५० + १२०० + २०० येतं, म्हणजे ३२५०. मी ३.३ धरलं होतं. अजून दहा सेंटीमीटर सोडता आले तर सोडाच.

आणि पॅलेटची लांबी म्हणजे मालासकटची. लाकडाची नव्हे.

पुठ्ठेवाला
सगळ्यांचे मनापासून आभार. ग्रीसगन यांची शेवटची ओळ वाचून गोडाऊनात गेलो आणि भरलेले पॅलेट मोजले. बॉक्सचे चपटे गठ्ठे पट्टी मारून रचतो. १२०० च्या बाजूला ते दोन्हीकडून पाच-पाच सेंटीमीटर बाहेर येतात. वरचे थर तर फुगतातही. टेपवर १.३० मीटर. दुसऱ्या बाजूला १.१०.

मग सगळं परत मांडलं. एकेरी रांग १.४, जोडरांग २.७, गल्ली ३.४. बेरीज १८.४. शेड १८.२९. अकरा सेंटीमीटरसाठी अख्खी रांग गेली!

उंटावरचा शहाणा
भिंत ढकला.

सातपूर स्टोअर्स
@पुठ्ठेवाला, पॅलेट फिरवा. १००० ची बाजू आत जाऊ द्या.

फुगवटा धरून खोली १.१. एकेरी रांग १.२, जोडरांग २.३. लोड आखूड झाल्यामुळे गल्ली खरं तर ३.२ पुरते, पण डाव्या हाताच्या सांगण्यावरून ३.३ च ठेवू. १.२ + ३.३ + २.३ + ३.३ + २.३ + ३.३ + १.२ = १६.९. सहा रांगा परत आल्या आणि वर १.३९ मीटर शिल्लक. त्यात एका कडेने पायी चालायची वाट सुद्धा निघते.

तोटा लांबीत होतो. १.३ चे दोन पॅलेट आणि फटी मिळून बीम २.९ चा, बे ३ मीटरचा. नऊऐवजी सात बे. ७ × २ × ६ × ४ = ३३६. तुमच्या ३०० पेक्षा ३६ जास्तच.

एक अट. तुमचे पॅलेट चारही बाजूंनी फोर्क घेतात का? आपल्याकडचे स्वस्त लाकडी पॅलेट बहुतेक दोनच बाजूंनी घेतात, उरलेल्या दोन बाजूंना अखंड फळी असते. शिवाय फिरवल्यावर खालच्या पट्ट्या बीमला आडव्या पडतात की समांतर ते बघा. समांतर पडल्या तर पॅलेट बीमवर नीट बसत नाही, मग जाळी किंवा आडवे टेकू टाकावे लागतात.

पुठ्ठेवाला
दोनच बाजूंचे आहेत. पण पॅलेट आम्ही इथेच एकाकडून बनवून घेतो, ठोकळ्यांचे चारबाजू करून मिळतील. तीनशे पॅलेट बदलणं हे रीच ट्रकपेक्षा नक्कीच स्वस्त. पट्ट्यांची दिशाही त्यालाच सांगतो.

सेफ्टीताई
सिन्नरला सेफ्टी बघते. माझे चार खिळे ठोकून जाते.

पहिला, तीनचाकी म्हटल्यावर घाबरू नका, पण शेफारूही नका. चारचाकी फोर्कलिफ्टचा मागचा ॲक्सलसुद्धा मधल्या पिनवर डोलतो, त्यामुळे तोल सांभाळणारा आधार दोन्हींत त्रिकोणीच असतो. पॅलेट पाच मीटरवर ठेवून वळण घेतलं की गुरुत्वमध्य त्या त्रिकोणाबाहेर जातो आणि मशीन कलंडतं. माल नेहमी खाली घेऊन चालायचं, रॅकसमोर थांबून मगच वर न्यायचं. आणि सीटबेल्ट. कलंडताना माणूस उडी मारतो आणि डोक्यावरच्या पिंजऱ्याखाली सापडतो. पट्टा लावून आत बसून राहणारा वाचण्याची शक्यता जास्त.

दुसरा, वजन. दीड टनी मशीन दीड टन उचलतं ते ५०० मिलिमीटर लोड सेंटरला (फोर्कच्या तोंडापासून मालाच्या मध्यापर्यंतचं अंतर) आणि कमी उंचीवर. साडेपाच मीटरला आणि साइड शिफ्टर (फोर्क डावी-उजवीकडे सरकवणारा जोड) लावल्यावर तो आकडा बराच खाली येतो. त्या उंचीला किती, ते मशीनच्या पाटीवर लिहिलेलं असतं. तुमच्या ४५० किलोला अडचण नाही, पण उद्या कुणी कागदाचा रोल उचलायला सांगेल.

तिसरा, रॅक. जमिनीवरचा मजला सोडला तर वरचे तीन मजले, दोन पॅलेट, ४५० किलो. म्हणजे एका बेचे २७०० किलो, मधल्या फ्रेमच्या एका पायावर साधारण १३५० किलो, तेही तळहाताएवढ्या पत्र्यावर. फरशीची जाडी किती आहे ते एका कोपऱ्यात कोअर (फरशीचा गोल नमुना) काढून तपासा, मगच अँकर मारा. प्रत्येक पायाला गार्ड, विशेषतः गल्लीच्या टोकाचे.

चौथा, आग. पुठ्ठा चार मजले उंच रचणं म्हणजे आगीला जिना करून देणं. एमआयडीसीच्या अग्निशमन विभागाकडून नकाशा मंजूर करून घ्या, रॅक उभे केल्यावर नव्हे, आधी. चार्जर पुठ्ठ्यापासून लांब, हवेशीर जागी. लेड ॲसिड चार्ज होताना हायड्रोजन निघतो.

निफाडची थंडी
@सेफ्टीताई, चार्जरचं बरं आठवण करून दिलंत. त्यावरून लिथियमचा विचार करायला हरकत नाही. लेड ॲसिडला सात-आठ तास चार्जिंग, मग थंड व्हायला वेळ, डिस्टिल्ड वॉटर बघत राहायचं. लिथियम जेवणाच्या सुट्टीत लावली तरी चालते. पण बॅटरीचं वजन मशीनच्या तोलाचा भाग असतं. जुनी लेड ॲसिड काढून हलकी लिथियम नुसती बसवली तर चालत नाही, कमी झालेलं वजन भरून द्यावं लागतं. हे न सांगता बॅटरी विकणारे आहेत.

पुठ्ठेवाला
सेकंडहँड तीनचाकी बघितली तर? सीझनचे पाच महिनेच जोर असतो.

ग्रीसगन
बघा, पण रंगावर जाऊ नका. मास्टच्या साखळीवर ठरावीक कड्यांची लांबी मोजा, मूळ मापापेक्षा ३ टक्के वाढली असेल तर साखळी गेली. फोर्क टाचेपाशी कॅलिपरने मोजा, उभ्या दांड्याशी जाडी ताडून बघा. १० टक्के झिजला की बदलायचा. तेवढ्या झिजेत ताकद सुमारे २० टक्क्यांनी उतरते. मास्ट वजनासकट पूर्ण वर नेऊन दहा मिनिटं सोडा, आपोआप किती खाली उतरतो ते बघा. आणि बॅटरी. जुन्या इलेक्ट्रिक मशीनमध्ये किंमत तिच्यातच असते. प्रत्येक सेलच्या ॲसिडची घनता मोजल्याशिवाय पैसे काढू नका. विकणारा म्हणेल रात्रभर चार्ज आहे, तर म्हणा आता चार तास माल उचलून दाखव.

नाहीतर या सीझनला भाड्याने घ्या. तोवर तुमच्या ऑपरेटरचा हातही बसेल.

डावा हात
रॅकची ऑर्डर द्यायच्या आधी फरशीवर चुन्याने गल्ल्या आखा, दोन्ही बाजूंना रिकामे पॅलेट लावा आणि भाड्याचं मशीन आणून भरलेला पॅलेट वळवून बघा. अर्ध्या दिवसाचं काम आहे. आणि तेव्हा ऑपरेटरला विचारा, मॅनेजरला नको.

पुठ्ठेवाला
ठरलं. चारबाजू पॅलेटचे वीस नग करायला सांगितलेत. पुढच्या शनिवारी कंपनीला सुट्टी आहे, तेव्हा चुना मारून ३.३ ची गल्ली आखतो. भाड्याच्या तीनचाकीसाठी दोघांशी बोलणं चालू आहे, मास्ट साडेपाचचाच हवा असं लेखी मागितलंय. तुटलेले जोड त्याआधी इपॉक्सीने भरून घेतो. अंबडला कुणाला बघायला यायचं असेल तर निरोप टाका. चहा आमच्याकडून.

गोदाकाठ
मी येतो. टेप माझा आणतो.

उंटावरचा शहाणा
जुनी डिझेल विकणार का? ओझरला मेव्हण्याला हवीय.

पुठ्ठेवाला
नाही हो. यार्डात गाड्या तीच भरणार. फक्त शटरच्या आत यायचं नाही, एवढंच तिला सांगितलंय.